राक्षसापुढे नारळ

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारतोय.

आमचा नवा ग्रुप जमलाय: दादा, वहिनी, मिरकरवाडा बंदरात मासेमारीचा ट्रॉलर असलेला संदेश आणि मी. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ. दर रविवारी खेळायचं ठरलंय, पण कुठला खेळ घ्यायचा तेच ठरेना. म्हणून आज दुपारी तलवारी-राक्षसांचा एक करून बघितला. गोष्ट सांगणारा मी, म्हणजे राक्षसही मीच.

तिघं राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी आले. मी म्हटलं, "टाका फासे, करा हल्ला."

संदेश म्हणाला, "असं कसं शिरायचं? जागा त्याची. आधी नारळ ठेवूया."

दादाने स्वयंपाकघरातून खरा नारळ आणून माझ्यापुढे ठेवला. संदेशने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाबा, आम्ही तुझ्या हद्दीत आलोय, काय चुकलं तर सांभाळून घे." दोघं ‘होय महाराजा’ म्हणाले.

मग वहिनीने मला विचारलं, "बोल, काय हवंय तुला?"

मी नियमांचं जाडजूड पुस्तक चाळत बसलो. राक्षस कसा मरतो यावर पानंच्या पानं आहेत. त्याला काय हवंय यावर एक ओळ नाही.

आता अंतराळाचा खेळ घेऊ की भुतांचा? हे तिथेही नारळ घेऊनच येणार. कुणी खेळत असाल तर सुचवा.

नारळ अजून टेबलावरच आहे. वहिनी उचलू देत नाही. म्हणते, आधी उत्तर दे.