हो आणि हाव

जावेने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि त्याच वेळी माझा मुलगा दारातून आत आला. तो नांदेडहून बँकेची मुलाखत देऊन एसटीने आला होता. केसांत धूळ होती, इस्त्री केलेला सदरा पाठीला चिकटला होता. घरात गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, कारण त्याच बँकेत आधी मुलाखत देऊन आलेल्या जावेच्या मुलाला दुपारी नेमणुकीचा कागद आला होता. सगळ्यांनी वळून माझ्या मुलाकडे पाहिलं. माझ्या तोंडातला पेढा मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. अप्पांनी विचारलं, "काय रं, काय झालं?"

"पैशाच्या कामाची आवड हाय का, इचारलं."

"मग तू काय मनलास?"

"हाव मनलो."

"मग झालं की! हाव मनल्यावर राहिलं काय?"

"त्यानंच घोटाळा झाला, अप्पा."

कुणालाच काही कळलं नाही. जावेला मात्र लगेच कळलं. तिने तोंडाला पदर लावला आणि आतल्या खोलीत गेली. ती हसायला गेली होती, हे मला पाठीवरून समजलं.

झालं होतं असं. साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी विचारलं, "पैशाचं काम करायची आवड आहे का?" मुलगा म्हणाला, "हाव." आमच्याकडे हाव म्हणजे हो. लातूरपासून नांदेडपर्यंत कुणालाही विचारा. पण पुण्यात हाव म्हणजे लोभ. साहेब म्हणाले, "आवड विचारली मी, हाव नाही." मुलाला वाटलं साहेबांना ऐकू कमी येतं. तो मोठ्याने म्हणाला, "हाव साहेब, हाव! लई हाय." शेजारी बसलेल्या दोघांनी कपाळाला हात लावले. साहेब म्हणाले, "पैशाची लई हाव असलेला माणूस बँकेत घेऊन आम्ही काय करू?" तिघेही हसले. मग मुलाच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्यानंतर त्याच्या तोंडून धड शब्दच निघेना. नावे काय आणि जमा काय, हे त्याला पाठ होतं. विचारलं तेव्हा नुसती मान हलवत राहिला.

त्या संध्याकाळी अप्पांनी मला सांगितलं, "धाकटीच्या लेकाला उद्या बँकेत हजर व्हायचं हाय, त्याच्या अंघोळीला बादलीभर पाणी ठेव." दुष्काळ होता. टँकर यायचा तेव्हा पाणी, नाहीतर नाही. थोरली सून म्हणून पाण्याची राखण माझ्याकडे होती. जावेच्या मुलासाठी मी बादली भरून ठेवली आणि माझ्या मुलाला हातपाय धुवायला तांब्या दिला. तेव्हा मला जो हेवा वाटला, तो मी लपवला नाही. बादली दाणकन ठेवली. निम्मं पाणी सांडलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं, पण पाणी सांडायचे ते दिवस नव्हते.

दोन्ही मुलं एका वर्षाची, एका घरातली, एका कॉलेजातली. दोघांचंही बी.कॉम. जावेचा फर्स्ट क्लास, माझा थर्ड क्लास. निकाल लागला तेव्हा मी काही बोलले नाही, कारण पास तर दोघंही झाले होते. शिवाय लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गोलाईच्या बाजारातल्या दुकानांतून माणसं बोलायची की आता कचेऱ्या येणार, बँका येणार, पोरांना घरी येऊन नोकऱ्या देणार. मला वाटलं, एवढ्या खुर्च्या येतील तर त्यात थर्ड क्लासला एक मिळेलच. कचेऱ्या आल्या. खुर्च्यांवर बसायला माणसं मात्र दुसऱ्या जिल्ह्यांतून बदलून आली.

जाऊ माझ्याहून धाकटी, उदगीरच्या दुकानदाराची मुलगी, सातवी पास. मी चौथी. अप्पांना वर्तमानपत्र तीच वाचून दाखवायची. मला वाचता येत नव्हतं असं नाही, पण माझं वाचन होईपर्यंत अप्पांना झोप लागायची. तिने मुलाला लहानपणापासून एक वळण लावलं होतं. तो हाव म्हणाला की ती ओठावर चापट मारायची. "हो म्हण. हो." आम्ही सगळे हसायचो. मी तर गल्लीत सांगायचे की आमच्या घरात पुणं जन्मलंय. माझा मुलगा त्याला चिडवायला मुद्दाम हाव हाव करायचा. आणि शेवटी त्या एका 'हो'वर तिचा मुलगा खुर्चीत बसला आणि माझा बाहेर.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी रांगेत मी तिला विचारलं, "तुला ठावं होतं ना? मग माझ्या लेकाला का न्हाई सांगितलंस, हो मन म्हणून?"

ती म्हणाली, "अक्का, तुमच्या लेकाला मी काही शिकवलं असतं तर तुम्ही मला घरात राहू दिलं असतं का?"

"न्हाई."

"मग?"

मागची बाई म्हणाली, "बायांनो, भांडण घरी करा, घागर पुढं घ्या." आम्ही घागर पुढे घेतली.

त्यानंतर मुलगा नोकरीसाठी फिरत राहिला. लातुरातल्या बँकांच्या पायऱ्या त्याने झिजवल्या. थर्ड क्लास म्हटलं की कारकून वर न बघता कागद परत करायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून धर्माबादला मिरचीच्या अडतीवर गेला. शेठने हिशेब करायला दिला, तो त्याने बरोबर केला. मग शेठ म्हणाला, "हिशेब येतो, ते ठीक हाय. पण आंध्राकडची गिऱ्हाइकं तेलुगूत भांडतात. ते भांडून राहिले की तू काय नुसता बघत बसणार?" माझा मुलगा शिंकत शिंकत परत आला. घरात जावेचा मुलगा रोज इस्त्रीचे कपडे घालून बँकेत जायचा. जाऊ त्याचा डबा भरताना भाजी मुद्दाम माझ्यासमोर वाढायची. मुद्दाम नसेलही. मला तसं दिसायचं.

मग गल्लीजवळ एक नवी पतसंस्था निघाली. तिचे मॅनेजर लातूरच्या जुन्या मुसलमान घरातले, पांढऱ्या दाढीचे, पूर्वी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघायचे. त्यांनी मुलाची गुणपत्रिका बघितली आणि म्हणाले, "थर्ड क्लास है तो क्या हुआ बेटा, पाँव फर्स्ट क्लास होना." काम पिग्मीचं होतं. म्हणजे रोज दुकानोदुकानी, दारोदारी फिरायचं आणि लोकांची थोडी थोडी बचत गोळा करून संस्थेत भरायची. जम बसला तर पुढे आत कारकून करणार, नाही बसला तर घरी. आधी खाती आण, मग बोलू, असं त्यांनी साफ सांगितलं.

दुष्काळात बचत कोण करणार? दुकानदार म्हणायचे, "बाबा, पाऊस पडल्यावर ये." मी स्वतः बायांना सांगायला निघाले. देवळात सांगितलं, टँकरपाशी सांगितलं, "माझ्या लेकाकडं खातं उघडा." बाया माना डोलवायच्या आणि विषय बदलायच्या. एकजण तोंडावर म्हणाली, "अक्का, तुमचा लेक मुलाखतीत पैशाची लई हाव हाय मनला मनं. त्याच्या हातात पैसे कसे द्यावं?" ती गंमत करत होती. पण ती गोष्ट गल्लीत पोचली होती, आणि गंमत गंमत म्हणून कुणी खातं उघडत नव्हतं. मला तेव्हा भीती वाटली. हे पोरगं आता अप्पांच्या किराणा दुकानात पुड्या बांधत म्हातारं होणार, आणि मी जावेच्या सुनेला चहा करून देणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

एकदा मी भाकरी थापत होते आणि जाऊ चुलीपाशी बसली होती. मुलगा बाहेरून आला तशी ती म्हणाली, "ये रे इकडे. माझं खातं काढ."

मी थापणं थांबवलं. "तुझं कशाला?"

"माझं म्हणून."

तिच्याकडे माहेरचा पैसा होता. माझ्याकडे तसं काही नव्हतं. माझ्या मुलाचं पहिलं खातं उघडायला मला काही जमलं नाही, आणि तिने बसल्या जागी उघडलं. वर झोकदार सही केली. मी अंगठा देत नाही, सही करते, पण माझी सही चालत चालत येते.

मुलगा गेल्यावर मी म्हणाले, "उपकार करून राहिलीस का आमच्यावर?"

"उपकार कसले, अक्का? घरात एक पोरगं बेकार बसलं की दुसऱ्याला सोयरीक येत नाही. लोक म्हणतात, ह्या घरात काहीतरी खोट आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. तिने दया केली असती तर मी ती भाकरी तिच्या अंगावर फेकली असती.

पण माझ्या डोक्यात खरा भडका नंतर उडाला. ती टँकरपाशी नुसतं बोलली, "मी माझ्या पुतण्याकडे पैसे टाकते," आणि बाया ऐकायला लागल्या. बँकेतल्या साहेबाची आई जिथे पैसे टाकते तिथे धोका नसणार, असा त्यांचा हिशेब. मी महिनाभर ओरडत होते तेव्हा मी नुसती बेकार पोराची आई होते. ती एकदाच बोलली. आधी एकीचं खातं, मग तिच्या शेजारणीचं, मग त्यांच्या नवऱ्यांची दुकानं. मॅनेजरांनी मुलाला विचारलं, "बेटा, क्या जादू किया?" मुलगा म्हणाला, "काकू." ते त्याने घरी येऊन मला सांगितलं, तेव्हा मी त्याला आणखी भाकरी वाढली.

रोज संध्याकाळी तो फिरून यायचा तो आधी जावेच्या खोलीशी थांबायचा. "काकू, पिग्मी." ती पदराची गाठ सोडायची. मग तो माझ्याकडे यायचा, जेवायला. मी हे बघत बघत दिवे लावले, भांडी घासली. पुढे पाऊस झाला, खाती वाढली आणि त्याला आत कारकुनाची खुर्ची मिळाली. पेढे मी वाटले. पहिला पेढा अप्पांनी जावेला द्यायला लावला.

माझ्या मुलाला नोकरी माझ्यामुळे लागली नाही, तिच्यामुळे लागली. फर्स्ट क्लास तिच्या मुलाचा, सातवी तिची, माहेरचा पैसा तिचा, आणि माझ्या मुलाच्या नोकरीचं श्रेयही तिचंच. काहीजणी म्हणतात, जाऊ द्या, म्हातारपणी कसला हेवा. म्हातारपणाने गुडघे जातात, हेवा जात नाही. मी तिचे आभार मानले नाहीत. तिने वाटही पाहिली नाही.

तिच्या मुलाची बदली होत होत पुण्याला झाली आणि तो तिला तिकडे घेऊन गेला. गाडीत बसताना ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, येतेव." इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून 'येते' नाही, आमच्याकडचं 'येतेव' ऐकलं. मी म्हणाले, "हाव, ये."

ती पुण्यातच वारली. अप्पा त्याआधी गेले होते, माझे मालक गेले, दीर गेले. मुलगा संस्थेतून रिटायर झाला आणि माझ्याजवळ राहतो. त्या दुष्काळात त्या चुलीपाशी आम्ही दोघी जावा होतो. त्यातली मी जिवंत आहे.