दोन रिंगा

मिरजेच्या फलाटावर मला गाडीत बसवून आप्पा खाली उतरले आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "रोज सहाला एक रिंग देईन. उचलू नकोस. एक म्हणजे आम्ही बरे आहोत. दोन दिल्या तर बोलायचंय असं समज. सवड झाली की कर." इचलकरंजीत जन्मभर माग चालवलेला माणूस. लक्ष हटलं की धागा तुटतो, हे त्यांना ठाऊक. कॉम्प्युटरचंही तसंच असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी घरातली पहिली पदवीधर; मीही तसंच धरलं.

इथे सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बंगाली शंपादी सहाला पर्स उचलायची. "बाडी जाबे ना?" घरी नाही का जायचं? मी म्हणायचे, "बस, थोडा बाकी है." भाड्याची खोली ती बाशा आणि आपली माणसं असतात ती बाडी, हे मला तिनेच शिकवलं. बेहालातल्या बाशात मी फक्त झोपायला जायचे. सगळ्यांत उशिरा निघते म्हणून साहेबांनी एकदा चारचौघांत कौतुक केलं, ते मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

एकदा दोन रिंगा आल्या. मीटिंग सोडून धावत बाहेर आले आणि फोन केला. आप्पांना विचारायचं होतं, तिकडे ज्वारी मिळते का.

"एवढ्यासाठी? इथे लोक बघतात हो, आप्पा."

"चुकलं बाई. आता नाही देणार."

आणि नाही दिल्या.

गेल्या थंडीत दोन दिवस त्यांचा उजवा हात बधिर होता, जीभ अडखळत होती. दोन्ही दिवशी सहाला एकच रिंग आली. बरे आहेत म्हणून मी पुन्हा कामाला लागले. तिसऱ्या दिवशी ते मोरीत पडले. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं.

आई म्हणाली, "तू शिकलेली. तुला विचारून दवाखान्यात न्यावं म्हटलं. दोन रिंगा देऊ या म्हटलं, तर ह्यांनी माझा हात धरला. तिचं काम मोडू नको म्हणाले."

इचलकरंजीहून परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं, यापुढे सहाला निघेन. ते "ठीक आहे" म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले. इतकं सोपं होतं. शंपादी खूश झाली. "एतोदिने शिखले!" इतक्या दिवसांनी शिकलीस. नोकरी मात्र सोडता येत नाही. आप्पांच्या मागावर आता दुसरं कुणी उभं असतं. माझ्यासारखं घर सोडून आलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्याला सल्ला द्यायची माझी लायकी नाही.

सहाला मी बसस्टॉपच्या बाकावर बसते. आप्पा डाव्या हाताने अजून एकच रिंग देतात. ती तुटायच्या आत मी उचलते. तिकडून शब्द येत नाही. श्वास येतो, आणि गल्लीतल्या मागांचा खडखडाट. परवा आईला विचारलं, "काय बोलू गं त्यांच्याशी? मला सुचतच नाही."

"ते बोलत होते तेव्हा तू कामात होतीस," आई म्हणाली. "आता ऐक बसून."

बसते ऐकत. माझी बाडी आता तेवढीच उरली आहे.