पाणी न मागणारा योद्धा

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतली विहीर आटली. आसेगावपासून कोसभरावरचं आमचं गाव. घरोघरी बुद्धाची तसबीर लागून पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण गावच्या विहिरीला त्याचा अजून पत्ता नव्हता. आम्ही दोर टाकायचा नाही. घागर ठेवून लांब उभं राहायचं आणि पाणी भरणाऱ्या बायांना म्हणायचं, "वाढा जी पानी." मी अकरा वर्षांची, राग नाकावर. ते म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या रागातून मी एक गुप्त पंथ काढला. पंथात दोघंच. मी गुरू आणि सहा वर्षांचा माझा भाऊ योद्धा. कपाशीच्या पऱ्हाटीची वाळकी काडी म्हणजे तलवार. योद्धा रडत नाही, पंथाचं कोणाला सांगत नाही आणि कधीच पाणी मागत नाही. या शेवटच्या नियमाचा मला फार तोरा होता.

चैत्रात त्याला हगवण लागली. "मांगंन तवा पानी दे त्याले," असं सांगून माय बापासोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. खाडा केला तर मस्टरवरून नाव कटायचं. त्यानं सकाळभर पाणी मागितलंच नाही. मला वाटलं, बरं झालं, विहिरीची एक खेप वाचली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुपारी पाहिलं तर त्याचे डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले.

"काहून मांगून नाही राह्यला पानी?"

"योद्धा आहो ना मी."

घागरीत होतं तेवढं पाजलं. ते दोन घोटही नव्हतं. त्याला कडेवर घेऊन विहिरीकडे पळत सुटले. त्याची मान खांद्यावर नुसती लोंबत होती. विहिरीवर एकच बाई, तीही दोर गुंडाळून निघालेली.

"सांजीले ये वं पोरी," ती म्हणाली.

मी तिचे पायच धरले. "वाढा जी पानी. माह्या भावाले वाढा." विटाळ झाला म्हणून तिनं शिव्या घातल्या, पण दोर परत सोडला. माझ्या ओंजळीतून तो प्याला, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा.

तो उठून बसायला चार दिवस लागले. बसल्या बसल्या त्यानं काडी मागून घेतली.

"मी नाही मांगितलं, ताई. तू मांगितलं," तो म्हणाला. "आता पंथात मी एकलाच."