सावद्याच्या थंड खोलीतला मेणाचा ठोकळा

आईचा स्तनाचा कॅन्सर धुळ्यात काढला, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता फुप्फुसात गाठ निघाली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "जुनाच पसरलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

"कशावरून?"

"बहुतेक वेळा तसंच असतं."

बहुतेक! जामनेरच्या बाजारात 'डॉक्टरांना प्रश्न विचारा' अशी पत्रकं वाटणारी मी, या एका शब्दावर आईला सोडून देणार होते की काय? हटलेच नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं: एक तपासणी आहे. ठरावीक अँटीबॉडी ठरावीक पेशींनाच चिकटते आणि तिथं रंग उमटतो. त्यावरून पेशी स्तनाच्या की फुप्फुसाच्या, ते कळतं. नवा कॅन्सर असेल तर गाठ काढता येईल. पण ताडून बघायला जुन्या गाठीचा तुकडा हवा.

तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून धुळ्याच्या दवाखान्यानं मामाच्या हातात दिला होता. 'जपून ठेवा', एवढंच सांगून. मामा सावद्याचा केळीचा व्यापारी. त्यानं तो केळी पिकवायच्या थंड खोलीत ठेवला होता.

"इथं कशाला, मामा?"

"मग काय पत्र्याखाली ठेवू? मेण आहे ते. मजूर विचारतात, शेठ, हे कोणतं वाण?"

मला हसू आलं नाही. मे महिन्याचं ऊन, तापलेली एसटी. ठोकळ्याची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून जळगावपर्यंत मांडीवर धरली. दर थांब्याला उघडून बघत होते.

लॅबवाला म्हणाला, "ताई, एवढ्या उन्हानं हे वितळत नाही. कपाटात ठेवलं असतं तरी चाललं असतं."

"मग हे सांगायला तुमच्या लोकांची जीभ झिजते?"

"चहा घ्या," तो म्हणाला.

जुन्या-नव्या दोन्ही गाठींचे नमुने मुंबईला गेले. रिपोर्ट येईपर्यंत मी मनात एकच घोकत होते: आईला नवा कॅन्सर असू दे. पोटच्या पोरीनं हे मागायचं! कुणाला सांगायची सोय नव्हती.

रिपोर्ट आला. नव्या गाठीतल्या पेशी फुप्फुसाच्याच होत्या, स्तनाच्या नव्हत्या. तेच डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, काढू.

आईनं तिच्या अहिराणीत विचारलं, "म्हनजे जुना गया?"

"हो."

"मंग हाऊ कोन शे?"

"हा नवा आहे. काढता येतो."

ती दवाखान्याची पिशवी भरायला लागली. लुगडं घडी करता करता थांबली. "मंग तिसराबी व्हई का?"

मी पिशवीची चेन ओढत राहिले. ती अडकली होती.