वरईची कंपनी

टोकावड्याच्या आमच्या किराणा दुकानात मी हट्टाने कॉम्प्युटर आणायला लावला, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत त्याला आपली गिऱ्हाइकं कळली तर हिशेब माझ्याकडे. नाहीतर तो विकायचा आणि मी परत चुलीपाशी. मुरबाडला कॉम्प्युटरचा क्लास केलेली मी, चुलीचा मला मनस्वी कंटाळा. हरणं परवडणारं नव्हतं.

हिशेबाचं ते सॉफ्टवेअर तसं गुणी होतं. बेरीज चुकत नव्हती, विक्रीकराच्या वकिलाला हवा तो कागद लगेच निघायचा. खोडीही होत्या: वीज गेली की सगळं ठप्प, आणि रुपयाखेरीज त्याला काही कळत नव्हतं. आमची अर्धी गिऱ्हाइकं डोंगरावरच्या पाड्यांतली. पावसाळ्यात मीठ-तेल न्यायचं आणि पीक आलं की ठरलेली वरई पायलीने मापून द्यायची, ही त्यांची रीत. बाजारभाव चढो की पडो, झालेली बोली बदलत नसे.

मी शहाणीने त्या वरईचे रुपये करून टाकले. पाडवा आठवड्यावर आला असताना वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यातली एक म्हातारी डोक्यावर वरई घेऊन आली. भाव पडला होता, म्हणून कॉम्प्युटर अजून बाकी दाखवत होता.

"मी पैशाचं बोललीच नाय," ती म्हणाली. "चार पायल्या बोलली, चार आनल्या."

सासऱ्यांनी वरई मापून घेतली, तिला मोकळं केलं आणि माझ्याकडे वळले. "काय गो, तुझ्या पेटीला बोली कळत नाय?"

मला राग आला, तोही स्वतःचाच. दुपारभर डोकं खाजवलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हिशेब ठेवता येत. मी दुसरी कंपनी उघडली, नाव दिलं 'वरई'. तिथे रुपया म्हणजे पायली. जुन्या चोपडीतल्या सगळ्या बोली तिच्यात चढवल्या.

पाडव्याला सकाळीच सासरे परीक्षा घ्यायला बसले. ते पाडा आणि घर सांगत, मी पायल्या सांगे. एकही चुकली नाही. मला नाचावंसं वाटत होतं, पण पूजा खोळंबली होती. पाटावर मांडायला मी नवी चोपडी मागितली.

"यंदा आनलीच नाय," ते गादीवरून सरकत म्हणाले. "पेटीलाच कुंकू लाव आन् बस हितं."

मी बसले, ती आजतागायत उठलेली नाही.