पिठातली पावलं

२०२२ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीतच सुटली, लाकडात उलटं कोरायलाही मला कोणी शिकवलेलं नाही. सागाच्या फळीवर उलटं कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून घासला की सुलटं उमटतं. अशी चित्रं छापत सालेकशाच्या बाजूला जन्म काढला. धानाच्या बांधीतले सारस, कचारगडच्या गुहा, मोहफुलं वेचणाऱ्या बाया. कागद घासायला बायकोची पितळी पळी. ती म्हणायची, या घरात वरणाला पळी मिळेल तर शपथ.

त्याच वर्षी ती गेली. आमच्याकडे माणूस गेलं की भिंतीशी तांदळाचं पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्याच्या जन्माला माणूस गेलं. टोपली माझ्या साळीनं, बायकोच्या धाकट्या बहिणीनं, उचलली. पिठात तीन-तीन बोटांची बारीक पावलं होती, दाराकडून चुलीकडे गेलेली. पाखरू, असं सगळे म्हणाले आणि बाया रडायला लागल्या. मी म्हटलं, उंदीर आहे. साळी पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही.

पीठ नदीत सोडलं, पावलं काही डोळ्यांतून जाईनात. सारस कोरायला बसलो तरी हात तीच तीन बोटं काढायचा. चुलीपाशी कोणी बसलंय असं पाठीला वाटायचं. मी वळून बघत नव्हतो. बघितलं आणि कोणी नसलं तर?

शेवटी एक फळी घेतली. पावलं डोळ्यांसमोर होती तशीच कोरली, छापली, आणि जिथं पीठ पसरलं होतं त्याच भिंतीला कागद चिकटवला.

धान कापायच्या दिवसांत साळी आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"भाऊजी, माही बाई तं घरात आली होती. तुमी तिले बाहेर काऊन धाडून राहिले?"

मी बघितलं. कागदावरची पावलं चुलीकडून दाराकडे निघाली होती. जन्मभर उलटं कोरणारा मी, ही एकच फळी सुलटी कोरून बसलो होतो.

"उंदीर आहे थो," मी म्हटलं. "कोठंबी जाईल."

"मंग उंदराचे पाय भिंतीवर काऊन लावले?"

साळी निघून गेली. त्या संध्याकाळी चुलीकडे पाठ करून बसलो, तर पाठीला काहीच वाटेना. पहिल्यांदा वळून बघितलं. राख होती, पाटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद ओढून काढला आणि चुलीत घातला. फळीची शाई रॉकेलनं पुसली. लाकडात पावलं अजून आली तशीच होती, चुलीकडे तोंड करून. कागदाच्या जागी खिळा ठोकून ती फळीच टांगली. मग पळी राखेनं घासली, धुतली आणि वरण शिजवायच्या गंजात ठेवली.