कोठीतली बाई

भूत, देवी, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. लातूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले. घरात असला विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही लिहिते आहे, कारण ज्या दोघींनी मला हे सांगितलं त्या दोघीही आता नाहीत. आणि दोघींचं सांगणं जुळत नाही.

एक माझी आजी. अव्वा म्हणजे कानडीत आई; माझी आई तिला तसंच म्हणायची, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणायचो. तिचं माहेर उदगीरचं, घरात कानडी बोलणारं लिंगायत कुटुंब. लग्न होऊन आली ती थेट नांदेडच्या टोकाला, इस्लापूरजवळच्या एका खेड्यात. तिथे आजोबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे थोरल्या अप्पांचं किराणा दुकान होतं. दुसरी माझी आई. तेव्हा ती तीन-चार वर्षांची असेल.

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे महिने. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायच्या आणि कोण कुणाला खबर पोचवतोय याचा पत्ता लागायचा नाही. पैनगंगा ओलांडली की निजामाची हद्द संपायची, म्हणून माणसं जमेल तशी पलीकडे चालली होती. आजोबा जागा बघायला आधीच गेले होते. दुपारी शेजारच्या घरांची मिळून एक बैलगाडी निघणार होती. ती वेशीत थांबेल, अव्वाने पोरीला घेऊन तिथे यायचं, आणि अप्पा दुकान आवरून मागून येणार, असं ठरलं होतं.

अव्वा निघणार तेवढ्यात दारात एक बाई आली. अव्वाच्याच वयाची, तिच्याच अंगलोटाची. म्हणाली, मी माहूरची, तुझ्या नवऱ्याची मावसबहीण. अव्वाला अशी कुणी नणंद ठाऊक नव्हती. पण बाईला आजोबांचं घरातलं नाव माहीत होतं, पोरीचं नाव माहीत होतं... आणि गाडी वेशीत थांबलीय हेसुद्धा माहीत होतं. तिथेच अव्वाला खात्री पटली, ही खबरी आहे. सोडली तर जाऊन सांगणार.

अव्वाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "वन्सं, कोठीतली थोडी ज्वारी काढून देता का, वाटंला लागंल," एवढंच म्हणाली. बाई कोठीच्या खोलीत गेली. अव्वाने बाहेरून कडी घातली आणि मुसळ घेऊन उंबऱ्यावर बसली. पोरगी शेजारी.

आता तिला जागचं हलताही येईना. गाडी वाट पाहून निघून गेली. आतली बाई ओरडली नाही, दार वाजवलं नाही. थोड्या वेळाने आतून जात्याची घरघर ऐकू यायला लागली. ती दिवस कलेपर्यंत चालूच होती...

अप्पा आले ते चिडूनच, गाडी का चुकवली म्हणून. अव्वाने पदराआडून सांगितलं. त्यांनी कुऱ्हाड घेतली, कडी काढली. आत कुणी नव्हतं. जात्याभोवती पीठ पडलेलं, हात लावला तर गरम.

दुसऱ्या दिवशी गावात बातमी आली. नदीच्या उताराआधी ती गाडी अडवली होती. गाडीतलं कुणीही परत दिसलं नाही.

अप्पांनी दोघींना जंगलाच्या वाटेने पलीकडे नेलं. निघण्याआधी ते पीठ अव्वाने शेजारच्यांच्या कोंबडीला घातलं, कोंबडीला काही झालं नाही, तेव्हाच त्याच्या भाकरी केल्या. पलीकडे पोचल्यावर कळलं की आजोबा तापाने आधीच गेले होते. राजवट संपल्यावर अप्पांनी लातूरला डाळीचं दुकान टाकलं. अव्वाने तिथे डाळ निवडून, पाखडून माझ्या आईला शिकवलं, मास्तरीण केलं. आईची शाळा सुटेपर्यंत ती फाटकाबाहेर बसून राहायची. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतः चाटून बघायची आणि मगच पोरीला द्यायची. तिचा कुणावरच विश्वास नव्हता.

नातेवाईक म्हणायचे, माहूरची रेणुकाच आली होती. त्यावर अव्वा भडकायची आणि आईला म्हणायची, "देवी कशाला दळत बसंल? तुझ्या थोरल्या अप्पानंच सोडलं तिला." अप्पा मरेपर्यंत शपथा घेत राहिले.

मलाही अप्पांचाच संशय होता. मुद्दाम जाऊन ते घर पाहून आले. पण कोठीला एकच दार, आणि तिथे तर अव्वाच बसलेली. खिडकी नाही. उजेडासाठी माळवदाच्या छताला एक सवणं, म्हणजे झरोका आहे, त्यातून मांजर जाईल, माणूस नाही.

इथवर असतं तर मी लिहिलंच नसतं.

अव्वा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आई आजारी पडली. एका दुपारी मी तिला म्हटलं, अव्वाची ती गोष्ट एकदा लिहून ठेवते. शाळेत शुद्ध बोलणारी माझी आई घरात मात्र गावाकडचंच बोलायची.

"ती सांगायची ते उलटं हाय," ती म्हणाली. "कोठीत माझी अव्वा गेली व्हती. कडी घातली ती त्या बाईनं."

मला आधी समजलंच नाही.

"मी रडून राहिले व्हते. तिनं मला मांडीवर घेतलं. आत माझी अव्वा दळत व्हती, कानडीत गुणगुणत व्हती. मग अप्पानं दार उघडलं तर आत कुनीच न्हाई. आन ही म्हणली, चल."

मी वाद घातला. लहान होतीस, घाबरली होतीस, उलटसुलट आठवतंय. अप्पांना कळलं नसतं का? आई म्हणाली, अप्पांना तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, मी थोरला दीर, भावजयीचं तोंड कधी धड पाहिलंच नव्हतं. आजोबा तर उरलेच नव्हते. आणि उदगीरला अव्वा पुन्हा कधीच गेली नाही. माहेरी आता कोण आहे, म्हणायची. कानडीचा एक शब्द आम्ही तिच्या तोंडून ऐकला नाही.

"गळ्यात लिंग न्हवतं तिच्या. नदीत दोरा तुटला म्हणायची. पर नदीच्या आधीपासनंच न्हवतं."

मी विचारलं, मग तू तिला कधी का नाही विचारलंस?

आई म्हणाली, "इचारलं असतं आन ती उठून गेली असती तर? मला दुसरी कोण व्हती?"

आई त्यानंतर काही दिवसांनी गेली.

तीन-चार वर्षांच्या मुलीची आठवण किती खरी धरायची, मला माहीत नाही. बंद खोलीतून जी गेली ती कोण, आणि बाहेर बसली होती ती कोण? अव्वाच्या भावाचा नातू उदगीरला असतो, असं मध्यंतरी कळलं. त्याचा नंबरही मिळालाय. अव्वाचा लग्नाआधीचा फोटो त्यांच्या घरी आहे म्हणे, तो पाहिला की आमची अव्वा तीच होती का ते कळेल... पण मी अजून फोन केलेला नाही. करेन असं वाटतही नाही.